आसरा

गेल्या वर्षी जुलै महिन्यात दादरच्या एका सभागृहात मी एक व्याख्यान दिले. व्याख्यान चांगले झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल आणि नारळ मिळाला, आभार मानणाऱ्या बाईंनी माझ्या 'तळमळी'चा दोनदा उल्लेख केला. असे सगळे यथासांग होऊनही त्या दिवसापासून मनाला एक बोच लागून राहिली आहे. त्या दिवशी मी खोटे असे एक अक्षरही बोललो नाही. पण खरेही बोललो नाही. खोटे न बोलता खरे टाळता येते, आणि ते टाळणारा माणूस व्यासपीठावर सर्वांत अधिक शोभून दिसतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. हा लेख म्हणजे त्या व्याख्यानाचा राहून गेलेला भाग आहे असे वाचकांनी समजावे.

विषय होता माणसांची तस्करी. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ साली ३० जुलै हा दिवस या पापाविरुद्ध आवाज उठवण्यासाठी ठरवून दिला, तेव्हापासून त्या सुमारास ठिकठिकाणी सभा होतात. अशा सभेला वकील बोलवावा, पोलीस अधिकारी बोलवावा, समाजकार्य करणारी बाई बोलवावी. मला का बोलावले? मी लालबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षा. माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत कामाठीपुऱ्यातली एक बाई आहे. ती वाचून आयोजकांना वाटले की या गृहस्थाला विषयाची जाण आहे. खरी गोष्ट अशी, की ती बाई मी घरी बसून, चहा पीत, कल्पनेने उभी केली होती. तिच्यासारख्या एकाही बाईशी तोवर मी चार शब्द बोललो नव्हतो.

लहानपणी आम्ही गिरगावात चाळीत राहत असू. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला फॉकलंड रोड लागतो. त्याला आता पठ्ठे बापूरावांचे नाव आहे. पण आमच्या वेळी सगळे जुन्याच नावाने त्याला ओळखत. त्या बाजूने जायची वेळ आली की आई माझा हात घट्ट धरी आणि म्हणे, "खाली बघून चाल." मी खाली बघून चाले. पायांखालचा रस्ता, पाण्याचे ओघळ, चुरगळलेली फुले एवढेच त्या वस्तीचे मला दर्शन. खाली बघून चालण्याचा हा संस्कार माझ्यासारख्या हजारो घरांत झालेला आहे. आम्ही त्याला सभ्यपणा म्हणतो.

व्याख्यानाची तयारी मात्र मी मास्तरकीला साजेशी केली. आमच्या जुन्या चाळीतल्या एक वकीलबाई आता फोर्टातल्या कोर्टात काम करतात. त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसलो आणि वहीत टिपणे काढली. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच दमात मनाई केली आहे, ही गोष्ट मला नवी होती. मी दोन्ही वेगळ्या समजत होतो. एक रात्रीची, एक दिवसाची. १९५० साली न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि त्यातून १९५६ सालचा कायदा आला. दंडविधानातले जुने ३७० वे कलम गुलाम म्हणून माणूस विकत घेणे वा विकणे याबद्दल होते. २०१३ साली ते नव्याने लिहिले गेले आणि व्यापार म्हणजे काय याची सविस्तर व्याख्या प्रथमच त्यात आली. १ जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेचे १४३ वे कलम झाले आहे.

"कलमातले शब्द नीट उतरून घ्या," वकीलबाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं पळवून नेणं म्हणजेच तस्करी. तसं नाही." त्यांनी एकेक शब्द मराठीत सांगितला आणि मी लिहून घेतला. शोषणासाठी जो कोणी माणसाची भरती करील, ने-आण करील, त्याला आश्रय देईल, दुसऱ्याकडे सोपवील किंवा स्वतः स्वीकारील. आणि हे धाकाने, जुलमाने, फसवून, सत्तेचा दुरुपयोग करून, किंवा ज्याच्या ताब्यात ते माणूस आहे त्याची संमती पैसे वा लाभ देऊन मिळवून करील, तो गुन्हेगार. ज्याचे शोषण झाले त्याने 'हो' म्हटले होते की नाही, हे पाहायचे कारण नाही.

याच दिवसांत मी आणखी एक व्याख्यान वाचले. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती, आणि १९३६ च्या मे महिन्याच्या अखेरीस दादरला नायगावात मोठी परिषद झाली होती. त्यानंतर पंधरवड्याने, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये एक निराळीच सभा भरली. देवदासी, जोगतिणी, पोतराज, भुत्ये, आराधी असे देवाच्या नावाने सोडलेले लोक त्या सभेत होते, आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना उद्देशून बाबासाहेब तिथे बोलले. एका बॅरिस्टराने या व्यापाराविरुद्ध केलेले भाषण म्हणून मी ते उत्सुकतेने उघडले आणि पहिल्या वाचनात अगदी नाराज झालो.

कारण ते भाषण कठोर आहे. हे जिणे सोडा, असे ते त्या स्त्रियांना तोंडावर सांगतात. तुमच्यामुळे समाजाला खाली पाहावे लागते, असेही सांगतात. आणि मग, हे सोडून आम्ही खायचे काय, असे तुम्ही विचाराल, पण ते मी सांगणार नाही, जगण्याचे शेकडो मार्ग आहेत, अशा अर्थाचे बोलून पुढे जातात. मला वाटले, हे सांगणे सोपे आहे! ज्या बाईला कर्जात अडकवून ठेवले आहे, जिच्या दारावर पहारा आहे, तिने कुठल्या मार्गाने जायचे? १९१७ साली डंकन रोडवरच्या, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवरच्या, एका कुंटणखान्यात अकूताई नावाची बाई छळ होऊन मेली आणि तो खटला त्या काळी फार गाजला. अशा बाईला 'सोडून दे' म्हणणे म्हणजे बुडत्याला 'पोहून ये' म्हणण्यासारखे नाही का? मी वहीत समासात एक प्रश्नचिन्ह काढले आणि ते भाषण बाजूला ठेवले. त्या प्रश्नचिन्हाकडे मी पुढे येणार आहे.

व्याख्यानाचा दिवस उजाडला. सभागृह बऱ्यापैकी भरले होते. पहिल्या दोन रांगांत देणगीदार, मग शिक्षिका, कॉलेजातली मुले, आणि अगदी मागे एका संस्थेच्या दहाबारा बायका. मी दलालांवर बोललो, टोळ्यांवर बोललो, सरहद्दीवरून येणाऱ्या गाड्यांवर बोललो. 'नराधम' हा शब्द मी तीन वेळा वापरला असावा. मग वही उघडून कलमाचे शब्द वाचू लागलो. भरती करील, ने-आण करील, आश्रय देईल...

आणि तिथे मी थांबलो.

श्रोत्यांना वाटले मास्तर परिणामासाठी थांबले. मी पाण्याचा ग्लास उचलला. मला आईचे शब्द ऐकू आले होते. "आपण तिला आसरा दिला," ती शेजारणींना सांगत असे. कायद्यातला तो शब्द आणि आईच्या तोंडचा हा शब्द एकच. एक तत्सम, एक तद्भव, एवढाच काय तो फरक. मी पाणी प्यालो, पुढचे शब्द वाचले आणि ठरल्याप्रमाणे व्याख्यान संपवले. टाळ्या झाल्या.

मग प्रश्नोत्तरे. मागच्या रांगेतली एक बाई उठली. पन्नाशीची असावी. साधे पातळ, डोळ्यांवर चष्मा. ध्वनिक्षेपक तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती थांबली नाही.

"सर, तुम्ही सगळं बरोबर बोललात," ती म्हणाली. "मी तिथं वीस वर्षं होते. पण मला विकलं तो माझा सख्खा चुलता. नराधम वगैरे काही नव्हता. मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली त्याने. मुंबईला काम लावून देतो म्हणाला. तुमच्या भाषणात तो कुठं होता?"

सभागृह शांत झाले. या प्रश्नाला माझ्यापाशी खरे उत्तर होते, अगदी जिभेवर होते. मी काय म्हणालो? "आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. कुटुंबातल्या घटकांचाही यात सहभाग असतो, समाजप्रबोधनाची गरज आहे." ती बाई माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि खाली बसली. इतकी वर्षे वर्गात मुले माझ्याकडे जशी बघतात तशी ती बघत होती. मास्तरांना उत्तर येत नाही हे कळले आहे, पण बोलायचे नाही, अशी.

ते उत्तर आता लिहितो.

मी आठवीत होतो तेव्हा आमच्या घरी एक मुलगी आणली गेली. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. आई कचेरीत नोकरीला होती, धाकटा भाऊ दोन वर्षांचा, आजी नुकतीच गेलेली. त्याला सांभाळणार कोण? आमच्या नात्यातला नव्हे, पण नातेवाईकांच्या ओळखीचा एक माणूस होता. तो घाटावरच्या खेड्यांतून 'गरजू' मुली आणून देत असे. त्याने ती आणली. वर्षाचे पैसे तिच्या बापाला द्यायचे, जेवणखाण आणि कपडे आपल्याकडे, असे ठरले. योगायोग असा की तिचे आणि माझ्या आत्याचे नाव एकच होते. कामाच्या मुलीला नणंदेच्या नावाने हाक कशी मारायची? म्हणून आईने तिला दुसरे नाव ठेवले. दोन दिवस ती त्या नावाला 'ओ' देईना. तिसऱ्या दिवसापासून देऊ लागली.

आम्ही तिला मारले नाही. उपाशी ठेवले नाही. दिवाळीला तिला नवे परकर-पोलके शिवले, आणि फराळाचे ताट आम्हा भावांसारखेच दिले. रात्री ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली निजत असे. पण दोन खोल्यांत सहा माणसे, तेव्हा मीसुद्धा गॅलरीतच निजत होतो. हे सगळे खरे आहे आणि ते मी आईच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. परंतु सकाळी सातला मी दप्तर घेऊन निघे तेव्हा ती भांडी घासत असे, आणि दुपारी मी परत येई तेव्हा ती भावाला कडेवर घेऊन नळावर उभी असे. माझ्या जुन्या चित्रकलेच्या वह्यांतले कोरे कागद ती मागून घेई आणि त्यावर एकच चित्र काढी: एक घर, घरामागे डोंगर, आणि घरापासून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेला रस्ता. मी तिला एकदा म्हटले, रस्ता मध्येच संपवू नये, लहान लहान करत लांब न्यावा. मी पुढे चित्रकलेचा मास्तर झालो. तो माझा पहिला धडा. शाळेत ती का जात नाही, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. खाली बघून चालायची मला सवय होती.

१९९५ च्या दिवाळीनंतर तो माणूस परत आला. म्हणाला, परळला एक घर आहे, ते जास्त पैसे देतात, बापाची इच्छा आहे. आई चिडली, थोडी घासाघीस झाली, मग भाऊ आता मोठा झाला आहे असे म्हणून तिने सोडून दिले. ती मुलगी त्याच्या मागून जिना उतरून गेली. पत्ता आम्ही विचारला नाही. आमच्या घरात दुधाचा, वाण्याचा, इस्त्रीवाल्याचा हिशेब वहीत रोज लिहिला जाई. एक माणूस घरातून गेले त्याची नोंद कुठे नाही.

तीन महिन्यांनी, १९९६ च्या फेब्रुवारीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठ्या धाडी घातल्या. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेवर नेपाळच्या होत्या. मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा होती आणि मी वर्तमानपत्र वाचायचे निमित्त काढून अभ्यास चुकवत होतो. आईने बातमी वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "कुणाच्या लेकी असतील गं," ती शेजारच्या काकूंना म्हणाली. ते पाणी खरे होते. पण ओट्याखालची जागा रिकामी होऊन तीन महिने झाले होते, आणि त्या जागेकडे आम्हा कोणाचेच डोळे वळले नाहीत.

ती मुलगी कामाठीपुऱ्यात गेली असे मला म्हणायचे नाही. बहुधा ती परळच्या त्या घरीच गेली असेल, पुढे लग्न होऊन आज कुठेतरी सुखात असेल. ती कुठे गेली हे आम्ही विचारले नाही, हाच माझा मुद्दा आहे. चांगले झाले असेल तर ते आमच्यामुळे नव्हे, आणि वाईट झाले असेल तर त्यात आमचा जिना होता.

व्याख्यानानंतर दोन दिवसांनी मी वकीलबाईंना दूरध्वनी केला आणि हे सगळे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कायद्याने नाही. ते कलम तेव्हा नव्हतं. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायची बंदीसुद्धा २००६ च्या ऑक्टोबरपासून आली. शिवाय शोषण सिद्ध करावं लागतं. तुमच्या आईवर कुठलंही कोर्ट काही लावणार नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पुढचं मला विचारू नका. ते माझ्या खात्यातलं नाही."

पुढचे कोणाच्या खात्यातले? मला वाटते, तिथेच हा प्रश्न नीतीचा होतो. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. आपण मात्र ती रेघ पाहून समाधान मानतो, की चला, आपण अलीकडे आहोत. 'तस्करी' हा शब्दही या समाधानाला मदतच करतो. तो ऐकला की डोळ्यांपुढे सरहद्द येते, सोन्याच्या लगडी येतात, रात्रीची होडी येते. सोन्याच्या बाबतीत ते ठीक आहे. माणसाच्या बाबतीत अपराध रस्त्यात होत नाही, तो मुक्कामाला होतो. मुंबई तर सगळी रस्त्याने आलेल्यांचीच आहे. माझ्या आईचे वडील रत्नागिरीहून बोटीने आले आणि लालबागच्या गिरणीत लागले. त्यांनाही गावच्याच माणसाने आणले होते, "मुंबईला काम लावून देतो" याच वाक्याने. गिरणीत जॉबर होता, त्याची दस्तुरी होती. त्या बाईचा चुलता आणि माझ्या आजोबांचा गाववाला यांच्या तोंडी एकच वाक्य. मग भेद कुठे?

मी पुष्कळ विचार करून तीन गोष्टींपाशी येतो. दार कोणाच्या हातात आहे? मोबदला कोणाच्या हातात पडतो? आणि नाव कोणी ठेवले? आजोबा गिरणीवर रागावून दोनदा गावी गेले आणि दोनदा परत आले. दार त्यांच्या हातात होते. पगार, दस्तुरी जाऊन का होईना, त्यांच्या मुठीत पडे. आणि खोलीवर, गिरणीत, भजनात, सगळीकडे ते स्वतःच्याच नावाने ओळखले जात. आमच्या घरच्या त्या मुलीला बोरीबंदर कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हते आणि बसच्या भाड्याएवढे पैसेही तिच्याजवळ कधी नव्हते. तिचे कष्ट तिचे, पैसे बापाचे. नाव तर आम्ही तिसऱ्या दिवशीच काढून घेतले. कामाठीपुऱ्यातही नवी मुलगी आली की तिचे नाव बदलतात असे म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरापासून त्या गल्ल्या वीस मिनिटांच्या अंतरावर होत्या. मला ते अंतर फार मोठे वाटत असे.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही दोन गोष्टी एकाच तागडीत घालता. ओट्याखाली निजलेली, पोटभर जेवलेली मुलगी आणि पिंजऱ्यात बसवलेली मुलगी यांचे दुःख सारखे आहे का? नाही, मुळीच नाही. सारखे म्हणणे हा त्या दुसरीचा अपमान होईल. मी दुःखाचे माप काढत नाही. मी फक्त हात कोणाचे होते ते पाहतो. मोठे पाप छोट्या पापाच्या वाटेनेच येते, कारण ती वाट आधीच मळलेली असते. गरिबाच्या मुलीला दुसऱ्याच्या हाती द्यायची, बापाच्या संमतीला तिची संमती मानायची, आणि गेल्यावर पत्ता विचारायचा नाही, ही वाट आमच्यासारख्या सालस घरांनी मळून ठेवली. दलाल नंतर त्याच वाटेने चालतो. त्याला निराळा रस्ता खणावा लागत नाही.

आता ते प्रश्नचिन्ह. दादरहून परळला चालत येताना एका संध्याकाळी मी दामोदर हॉलवरून गेलो आणि १९३६ सालचे ते भाषण माझ्या मनात पुन्हा उभे राहिले. माझे भाषण आणि ते भाषण यांत एक फरक होता, जो मला पहिल्या वाचनात दिसला नव्हता. मी त्या बायकांविषयी देणगीदारांशी बोललो होतो. बाबासाहेब त्या बायकांशीच बोलले. माझ्या भाषणात त्या कीव करण्याचा विषय होत्या. त्यांच्या भाषणात त्या निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसे होत्या. त्यांचा कठोरपणा आप्ताचा होता. तुमची लाज ती आमची लाज, हे त्यात गृहीत होते. ज्याला परके मानतो त्याला आपण रागावत नाही, त्याच्यावर फक्त दया करतो. माझ्या व्याख्यानात दया उदंड होती आणि नाते कुठेच नव्हते.

तरी माझे प्रश्नचिन्ह मी पूर्ण खोडलेले नाही. जिला दारच नाही तिला 'बाहेर ये' म्हणून भागत नाही. दार उघडणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. १९९६ सालच्या त्या धाडींनंतर काय झाले ते पाहा. नेपाळच्या मुली सुधारगृहांत महिनोन्‌महिने पडून राहिल्या. त्यांचे सरकार त्यांना परत घ्यायला चटकन तयार होईना. शेवटी जुलैत तिकडच्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या वर मुलींना काठमांडूला नेले. सोडवणारे मोकळे झाले होते. सुटलेल्या अडकून होत्या. पण त्याच मुलींपैकी काहींनी मिळून पुढे 'शक्ती समूह' नावाची संस्था काढली, आणि २०१३ साली त्या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोणी दार उघडले हे खरे. परंतु जगायचे कसे, याचे उत्तर त्यांचे त्यांनीच शोधले. परळच्या त्या भाषणातला विश्वास अगदीच निराधार नव्हता, असे मला आता वाटते.

व्याख्यानाच्या रात्री मी आईला विचारले होते, "आई, त्या मुलीचं नाव काय होतं गं?"

"कुठल्या?"

मी सांगितले. आम्ही ठेवलेले नाव तिला चटकन आठवले.

"ते नव्हे. तिचं स्वतःचं. आत्याचं होतं ते, पण आत्याला सगळे माईच म्हणायचे ना? पाळण्यातलं नाव काय?"

आई आता पंच्याहत्तरीला आली आहे. ती बराच वेळ आठवत राहिली. आत्याही गेली, तिच्या यजमानांनी लग्नात ठेवलेले नाव आठवते, माहेरचे पाळण्यातले आठवत नाही. "तू आज हे काय काढलंस?" ती म्हणाली. मी काढले त्याचे कारण सांगितले तेव्हा ती दुखावली. "आपण तिला आसरा दिला रे. तिच्या घरी दोन वेळचं अन्न नव्हतं." मी काही बोललो नाही. हेही खरेच होते. अन्यायाला नेहमी क्रूर माणसे लागत नाहीत. नोकरी सांभाळून दोन पोरे वाढवणारी, दमलेली, मायाळू बाईही पुरते. आणि तिच्यावर न्याय करायला मी कोण? त्या मुलीच्या कष्टांवर जो मॅट्रिक झाला तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना आई आपण होऊन म्हणाली, "गावाचं नाव आठवलं. पोरीचं नाही आठवत." आणि मग पदराने कप पुसत, माझ्याकडे न बघता, "पत्ता विचारायला हवा होता," एवढेच म्हणाली. दादरच्या सभागृहात सभा होऊन गेली; पण त्या विषयावरचे खरे भाषण मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकायला मिळाले, आणि ते एका वाक्याचे होते.

या वर्षी आयोजकांचे पुन्हा बोलावणे आले. मी त्यांना म्हटले, माझ्याऐवजी मागच्या रांगेतल्या त्या ताईंना बोलवा, मी ऐकायला बसतो. मला वाटले मी मोठे नम्रतेचे काम केले. त्यांनी ताईंना विचारले, आणि ताईंनी नकार दिला. मला त्यांचा क्रमांक मिळाला तेव्हा मी स्वतः बोललो. त्या म्हणाल्या, "सर, माझं किती वेळा सांगू? दर वर्षी शाल घालतात आणि रडतात. माझं मी बघते. तुम्ही तुमच्या घरचं काही असेल तर बोला."

त्यांना काय ठाऊक होते? काहीच नाही. मी हो म्हटले.

तेव्हा या वर्षी मी जाणार आहे. वहीत कलम आहे, सालवार टिपणे आहेत, पण सुरुवात त्यांनी होणार नाही. एका गावाचे नाव आहे, त्याने होईल. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या गावी जाऊन येईन म्हणतो. घर, मागे डोंगर आणि कागदाच्या कडेपर्यंत आलेला रस्ता एवढीच खूण माझ्यापाशी आहे. अशी घरे घाटावर पुष्कळ असतील. तरी विचारायला हवे. तेव्हा विचारले नाही म्हणून.